नळाचे पाणी : जडपणा व शुद्धता

चंद्रपूर जिल्ह्यातील पुष्कळ गावांत विहिरीचे किंवा विंधन विहिरीचे पाणी उंच टाकीत चढवून नळाने घरोघरी पोहोचविले जाते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने दरमाणशी दररोज ५५ लिटर पाणी घरात देण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि २ ऑक्टोबर २०२० पासून शाळा व अंगणवाड्या यांच्या नळजोडणीसाठी निराळी मोहीम हाती घेतली. चिमूरसारख्या तालुक्यात, जेथे उन्हाळ्यात दूरवरून पाणी आणण्यात मुलींची शाळा बुडत असे, तेथे या सोयीचे मोल शिक्षकांना सांगावयास नको.

तथापि नळाबरोबर काही तक्रारीही घरात आल्या. गुंडाच्या काठावर पांढरा थर बसतो, साबणास फेस येत नाही, वरण लवकर शिजत नाही. मग “हे पाणी जड आहे” असे म्हणून नळाचे पाणी केवळ वापरास ठेवले जाते आणि पिण्यासाठी व डाळ शिजविण्यासाठी नदीतील झिऱ्याचे, तलावाचे किंवा एखाद्या जुन्या हातपंपाचे “हलके” पाणी आणले जाते. या निवडीत एक मोठा गैरसमज दडलेला आहे. जड पाणी अशुद्ध असतेच असे नाही आणि हलके पाणी शुद्ध असतेच असेही नाही. हा भेद गावात स्पष्ट करून सांगण्यास शाळेइतके योग्य स्थान दुसरे नाही.

जडपणा कशामुळे येतो

पावसाचे पाणी मुळात मृदू असते. ते जमिनीत मुरताना मातीतील हवेमधला कर्बद्विप्राणिद वायू आपल्यात विरघळवून घेते व किंचित आम्ल बनते. असे पाणी चुनखडीतून, कंकरातून किंवा चुन्याचा अंश असलेल्या खडकातून झिरपू लागले म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार त्यात विरघळतात. अशा पाण्यास शास्त्रीय भाषेत दुष्फेन पाणी म्हणतात, कारण त्यात साबणाचा फेस होत नाही. साबणाशी या क्षारांचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो. सर्व क्षार अशा रीतीने बांधले जाईपर्यंत साबण वाया जातो आणि त्यानंतरच फेस येऊ लागतो.

दुष्फेनतेचे दोन प्रकार आहेत. बायकार्बोनेटमुळे आलेली दुष्फेनता अस्थायी होय. पाणी उकळले की तो वायू निघून जातो व चुन्याचा अंश तळाशी पांढऱ्या गाळाच्या रूपाने बसतो. पाणी तापविण्याच्या भांड्यातील थर तो हाच. सल्फेट व क्लोराइड यांमुळे आलेली दुष्फेनता स्थायी असून उकळल्याने ती जात नाही.

चंद्रपूर जिल्ह्याची जमीन एकाच खडकाची नाही. कोरपना, राजुरा या बाजूस चुनखडीचे मोठे साठे असून त्यांवरच गडचांदूर परिसरातील सिमेंटचे कारखाने उभे राहिले. वर्धा नदीच्या खोऱ्यात दगडी कोळशाचे थर आहेत, तर पूर्वेकडे अतिप्राचीन नाइस खडक आढळतो. त्यामुळे एका गावच्या पाण्यावरून शेजारच्या गावच्या पाण्याविषयी अनुमान काढणे योग्य ठरत नाही. एकाच गावातील दोन विंधन विहिरींच्या पाण्यातही पुष्कळ अंतर असू शकते.

मर्यादा व प्रमाण

पिण्याच्या पाण्यासंबंधीच्या आय. एस. १०५०० या भारतीय मानकात (२०१२) एकूण दुष्फेनतेची इष्ट मर्यादा दर लिटरला २०० मिलिग्रॅम दिलेली आहे. दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालवून घेता येते. हे प्रमाण कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजतात.

वरच्या वर्गांसाठी यावर एक उद्बोधक गणित घालता येईल. समजा, चार माणसांचे कुटुंब दरमाणशी ५५ लिटर या हिशेबाने रोज २२० लिटर पाणी वापरते व त्या पाण्याची दुष्फेनता दर लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. तर त्या घरात दररोज ६६ ग्रॅम व ३० दिवसांत १,९८० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन किलो क्षार पाण्यावाटे येतात. त्यांतील बहुतांश पाण्याबरोबरच वाहून जातात. परंतु नळाची जाळी का बुजते व पाणी तापविण्याच्या विजेच्या कांडीवर कवच का चढते, हे विद्यार्थ्यांना या गणितावरून सहज उमगेल.

घरातील अडचणी व त्यांवरील उपाय

डाळीच्या दाण्यातील पेशींना जोडून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ कॅल्शियमशी संयोग पावला म्हणजे घट्ट होतो. म्हणून जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. यासाठी पाणी आधी उकळावे, निवू द्यावे, वरचे निवळ पाणी अलगद काढून घ्यावे व त्यात डाळ काही तास भिजवून मग शिजवावी. खाण्याच्या सोड्याने डाळ मऊ होते हे खरे, परंतु त्यामुळे तिच्यातील ‘ब१’ जीवनसत्त्वाचा नाश होत असल्याने ती सवय चांगली नव्हे.

कपडे धुताना पाण्यात धुण्याचा सोडा घातल्यास दोन्ही प्रकारची दुष्फेनता कमी होते व साबण वाचतो. हे पाणी मात्र पिऊ नये. भांड्यावरील थर चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्याने सुटतो. तांब्यापितळेची व ॲल्युमिनियमची भांडी अशा आंबट पाण्यात फार वेळ ठेवू नयेत, ती लगेच धुवावीत. माठाच्या बाहेरून दिसणारी पांढरी फुलोरीही क्षारांचीच असते. बुरूश फिरवून ती काढल्यास माठाची छिद्रे मोकळी होतात व पाणी पुन्हा चांगले थंड होऊ लागते.

जड पाण्याने मुतखडा होतो अशी समजूत सर्वत्र आहे, परंतु असा थेट संबंध सिद्ध झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या दृष्टीने दुष्फेनतेची कोणतीही मर्यादा घालून दिलेली नाही. कॅल्शियम व मॅग्नेशियम हे शरीरास आवश्यकच आहेत. उलट, पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या या जिल्ह्यातील उन्हाळ्यात पाणी कमी पिणे हेच मुतखड्याचे एक मोठे कारण ठरू शकते. जड पाण्याच्या धास्तीने मूल पाणीच कमी पिऊ लागले, तर भलताच अपाय व्हावयाचा.

हलक्या पाण्याची भुरळ

चिमूर, नागभीड, सिंदेवाही या भागातील जुने मालगुजारी तलाव ही पूर्वजांची मोठी देणगी होय. त्यांतील पाणी पावसाचे असल्याने मृदू असते, त्यात साबणास भरपूर फेस येतो व डाळ चटकन शिजते. परंतु त्याच तलावात गुरे धुतली जातात व भोवतालची घाण पावसाबरोबर त्यात उतरते. अतिसार, कावीळ, विषमज्वर व पटकी यांचे जंतू पाण्याच्या चवीवरून किंवा फेसावरून ओळखता येत नाहीत. असे पाणी डाळीबरोबर चांगले उकळले गेले तर धोका टळतो. पण तोच गुंड पिण्याच्या माठात रिकामा झाला तर रोग घरात येतो. नळाचे पाणी जड असले, तरी त्यात टी.सी.एल. पावडर योग्य प्रमाणात घातलेली असल्यास व नळाच्या तोंडाशी दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक राहत असल्यास, जंतूंच्या दृष्टीने ते तलावाच्या पाण्याहून कितीतरी पटींनी सुरक्षित असते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेहून अधिक आढळले आहे. या क्षाराची इष्ट मर्यादा दर लिटरला १ मिलिग्रॅम असून १.५ मिलिग्रॅमच्या वर ते अपायकारक ठरते. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, त्या प्रमाणात चवही नाही. शिवाय कॅल्शियम भरपूर असलेल्या पाण्यात फ्लोराइड फारसे टिकत नाही, कारण दोहोंचा संयोग होऊन ते खाली बसते. म्हणून अधिक फ्लोराइडचे पाणी पुष्कळदा कॅल्शियमने कमी, म्हणजेच मृदू असते. ज्या हातपंपाचे पाणी गोड व हलके म्हणून साऱ्या गावास आवडते, त्याचीच रासायनिक तपासणी आधी होणे अगत्याचे आहे.

फ्लोराइडचा परिणाम शिक्षकांच्या डोळ्यांसमोरच असतो. कायमच्या दातांचे कवच साधारणपणे आठव्या वर्षापर्यंत घडत असते. त्या काळात फ्लोराइड अधिक गेल्यास नवे दात खडूसारखे पांढुरके निघतात, किंवा त्यांवर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे उमटतात. डाव्या व उजव्या बाजूंच्या दातांवर ते बहुधा सारखेच असतात आणि घासल्याने जात नाहीत. पुढे वर्षानुवर्षे तेच पाणी पिण्यात राहिले तर हाडे व सांधे ताठर होतात. दातांचा डाग एकदा पडला की पडला; मात्र पाणी बदलल्याने धाकट्या भावंडांचे दात व सर्वांची हाडे वाचविता येतात.

दोष तसा उपाय

पाण्याचा प्रत्येक दोष निराळा व त्याचा उपायही निराळा, हे सूत्र विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविले पाहिजे. तुरटीने गढूळपणा बसतो. क्लोरीनने जंतू मरतात. उकळल्याने जंतू मरतात व अस्थायी दुष्फेनता जाते. फ्लोराइड मात्र जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. फडक्याने गाळल्यास कचरा निघतो, जंतू निघत नाहीत. तरीही योग्य जागी साधा उपायही केवढे कार्य करतो याचे उदाहरण नारूच्या रोगाचे आहे. त्या रोगाचा प्रसार पाण्यातील बारीक पिसवांमार्फत होत असे व त्या फडक्यात अडकत. पाणी गाळण्याची शिस्त, सुरक्षित विहिरी व रोग्यांचा शोध यांच्या बळावर १९९६ नंतर भारतात नारूचा रोगी आढळला नाही आणि २००० साली देश त्या रोगापासून मुक्त झाल्याचे प्रमाणित करण्यात आले.

फ्लोराइड काढण्यासाठी नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने चुना, तुरटी व विरंजक चूर्ण यांची ‘नालगोंडा पद्धत’ विकसित केली. ती जाणकारांच्या देखरेखीखालीच वापरावयाची असते. गावासाठी उत्तम उपाय म्हणजे पिण्यास व स्वयंपाकास दुसरा स्रोत निवडणे. दूषित स्रोताचे पाणी स्नानास व धुण्यास चालते, कारण फ्लोराइड पोटातून शरीरात जाते, त्वचेतून नव्हे. आर. ओ. यंत्राने दुष्फेनता व फ्लोराइड दोन्ही कमी होतात, परंतु बरेचसे पाणी वाया जाते व यंत्राची निगा न राखल्यास त्याचा भरवसा राहत नाही. जारमधील पाणी थंड व गोड लागते, एवढ्यावरूनच ते तपासलेले आहे असे मानू नये.

वर्गात करावयाचा प्रयोग

सारख्या आकाराच्या तीन बाटल्या घ्याव्यात. पहिलीत स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणी, दुसरीत नळाचे पाणी व तिसरीत दहा-पंधरा मिनिटे उकळून, निववून, वरून काढलेले नळाचे पाणी प्रत्येकी ५० मिलिलिटर भरावे. उकळण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. धुण्याच्या साबणाचा कीस पावसाच्या कोमट पाण्यात विरघळवून द्रावण करावे. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, कारण तिला जड पाण्यातही फेस येतो. प्रत्येक बाटलीत द्रावणाचे थेंब मोजून टाकावेत, बाटली हलवावी आणि फेस मिनिटभर टिकेपर्यंत किती थेंब लागले ते फळ्यावर लिहावे. दुसऱ्या व तिसऱ्या बाटलीच्या थेंबांतील फरक अस्थायी दुष्फेनता दर्शवील; तिसरी व पहिली यांतील फरकावरून स्थायी दुष्फेनतेची कल्पना येईल.

प्रयोगाच्या शेवटी एक प्रश्न अवश्य विचारावा : “यांपैकी कोणते पाणी पिण्यास सुरक्षित?” मुले बहुधा भरपूर फेसाच्या बाटलीकडे बोट दाखवितील. तेथेच खऱ्या पाठाला आरंभ होतो. साबणाने केवळ जडपणा कळला. जंतू व फ्लोराइड यांविषयी तो काहीही सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

शिक्षकांनी करावयाचे कार्य

प्रत्येक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून निदान एकदा व जैविक तपासणी दोनदा व्हावी असे अपेक्षित आहे. गावातील जलसुरक्षक पाण्याचे नमुने पाठवितो आणि स्रोताच्या परिसराच्या पाहणीवरून ग्रामपंचायतीस लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. परंतु अहवाल दप्तरात राहिला तर घरातील माउलीस त्याचा काय उपयोग? शिक्षकांनी तो ग्रामपंचायतीकडून मागून घ्यावा आणि दुष्फेनता, फ्लोराइड व जैविक तपासणी हे तीन निष्कर्ष शाळेच्या फलकावर सोप्या शब्दांत लिहावेत.

एखाद्या वस्तीतील अनेक मुलांच्या दातांवर सारखे डाग दिसल्यास ती मुले कोणत्या स्रोताचे पाणी पितात याची नोंद करून प्राथमिक आरोग्य केंद्रास व ग्रामपंचायतीस कळवावे. निदान करणे हे वैद्यकाचे काम आहे. शिक्षकांनी केवळ लक्ष वेधावे. वर्गात त्या मुलांना उभे करून दात दाखविण्यास सांगू नये. “दात घासत नाहीस” असा ठपका तर मुळीच ठेवू नये, कारण दोष मुलाच्या आळसाचा नसून पाण्याचा असू शकतो.

गुंडावरचा पांढरा थर डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची तक्रार होते. जे दिसत नाही त्याची तक्रार करण्यास मनुष्यास ज्ञान लागते, आणि ते ज्ञान घरोघरी पोहोचविण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे रोज सायंकाळी शाळेतून घरी परतणारे मूल होय.