स्वमग्नता : निदान एक, रूपे अनेक

नावाने हाक मारली तरी मूल वळून पाहत नाही, हवी असलेली वस्तू बोटाने दाखवत नाही, खेळण्यातील गाडीचे एकच चाक तासन्‌तास फिरवत बसते. ‘काही मुले उशिराच बोलतात’, अशी पालकांची समजूत घातली जाते. काही वेळा ते खरेही ठरते. मात्र अशा लक्षणांमागे स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असू शकतो आणि वाट पाहण्यात मोलाचा काळ निघून जातो.

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था आहे. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणावरून तिचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथील हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी चांगले बोलणाऱ्या, परंतु समवयस्कांत मिसळू न शकणाऱ्या मुलांविषयी लिहिले. पुढे अशी रूपे स्वतंत्र विकार मानली गेली. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या १९९४ च्या निदानपुस्तिकेत ऑटिझम व अ‍ॅस्पर्गरसह पाच नावे होती.

परंतु या नावांमधील सीमारेषा अस्पष्ट होत्या. सारखी लक्षणे असलेल्या मुलांना निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी नावे मिळत. त्यामुळे २०१३ मध्ये बहुतेक प्रकार ‘स्वमग्नता वर्णपट विकार’ या एकाच निदानात सामावून घेण्यात आले आणि आवश्यक आधारानुसार तीन स्तर ठरविण्यात आले. बहुतांशी मुलींमध्ये आढळणारा व जनुकीय बदलामुळे होणारा रेट विकार मात्र त्यातून वगळण्यात आला.

या वर्णपटात एकही शब्द न बोलणारे मूल असते, तसेच रेल्वेचे वेळापत्रक तोंडपाठ असूनही मिक्सरच्या आवाजाने कासावीस होणारे मूलही असते. अस्खलित बोलणाऱ्याला आधाराची गरज नसते, हा समज चुकीचा आहे.

स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईच्या वागणुकीमुळे किंवा लसीमुळे ती उद्भवत नाही. लसीशी संबंध जोडणारा १९९८ मधील शोधनिबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला. ही अवस्था औषधाने नाहीशी होत नाही. वाचोपचार, व्यवसायोपचार आणि विशेष शिक्षण यांमुळे दैनंदिन जीवन सुकर होते.

भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचा समावेश झाला, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ दिव्यांगत्वांमध्ये तिला स्थान दिले. त्यामुळे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळविण्याचा मार्ग खुला झाला आहे. शंका येताच बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेणे, ही त्यातील पहिली पायरी होय.