गावचे गट आणि निधीच्या वाटा

बुलढाणा शहराजवळ पैनगंगेच्या काठी वसलेले देऊळघाट हे बुलढाणा तालुक्यातले मोठे गाव आहे. हिंदू आणि मुस्लिम अशी दोन्ही वस्ती, शेतीवर चालणारे अर्थकारण आणि हाकेच्या अंतरावर जिल्ह्याचे ठिकाण, असा त्याचा तोंडवळा आहे. अशा गावातल्या लोकांनी एकत्र येऊन काही करायचे ठरवले, तर पैसा, प्रशिक्षण आणि पुढचा आधार देणाऱ्या यंत्रणा आज डझनाहून अधिक आहेत. प्रत्येक यंत्रणेची अट वेगळी, कागद वेगळे आणि कार्यालयही वेगळे. गटाचे स्वरूप कोणते, यावरून त्याची वाट ठरते.

गटाचे रूप आणि नोंदणी

महिलांच्या बचत गटाला कायद्याने नोंदणी सक्तीची नाही. दहा ते वीस जणींनी एकत्र यावे, नियम ठरवावेत, अध्यक्ष आणि सचिव निवडावेत, एवढ्यावर गटाच्या नावाने बँकेत बचत खाते उघडता येते. मंडळ किंवा सेवाभावी संस्थेला मात्र 1860 चा संस्था नोंदणी अधिनियम आणि 1950 चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू होतो, आणि दरवर्षी धर्मादाय कार्यालयाला हिशेब द्यावा लागतो. शेतकऱ्यांना व्यापार करायचा असेल तर सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी असे दोन मार्ग आहेत. उत्पादक कंपनीची सोय 2002 च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आली. किमान दहा उत्पादक एकत्र आले की ती स्थापन करता येते.

अनेक गावांत नेमका इथे घोळ होतो. अनुदान कंपनीला मिळते म्हणून घाईने कंपनी काढली जाते. पुढे सनदी लेखापालाची फी, वार्षिक विवरणपत्रे आणि दंड यांचा भार सभासदांवर येतो. कामाआधी नोंदणी झाली की बहुतेक वेळा कागदच उरतात.

बचत गटाची पायरी

गट आणि बँक यांना जोडण्याचा कार्यक्रम नाबार्डने 1992 मध्ये सुरू केला. पहिल्या टप्प्यात देशभरातले फक्त 500 गट जोडायचे ठरले होते. त्याआधी गरीब बाईला बँक कर्ज देत नसे, कारण तिच्याकडे तारण नव्हते. या कार्यक्रमात तारणाची जागा गटाच्या शिस्तीने घेतली.

महाराष्ट्रात या कामाच्या दोन मोठ्या यंत्रणा आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, 24 फेब्रुवारी 1975 रोजी स्थापन झाले. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या मदतीने माविमने तेजस्विनी कार्यक्रम राबवला आणि गटांच्या वर लोकसंचालित साधन केंद्रे उभी केली. दुसरी यंत्रणा ‘उमेद’, म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान. केंद्राचे राष्ट्रीय अभियान 2011 मध्ये सुरू झाले, त्याचे हे राज्यातले रूप. देऊळघाटच्या गटासाठी उमेदचे सर्वांत जवळचे कार्यालय बुलढाणा पंचायत समितीच्या पातळीवरचा तालुका कक्ष हे आहे.

उमेदची रचना तीन मजली आहे. तळाला गट, गावातल्या गटांचा ग्रामसंघ आणि अनेक ग्रामसंघांचा प्रभागसंघ. गटाची पारख पंचसूत्रीवर होते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. ही शिस्त पाळणाऱ्या गटाला फिरता निधी मिळतो. राज्य शासनाने 2023 मध्ये त्याची रक्कम 15 हजारांवरून 30 हजार रुपये केली. त्यानंतर येतो समुदाय गुंतवणूक निधी. तो संघामार्फत गटाला कर्ज म्हणून मिळतो आणि परतफेडही संघाकडेच होते, त्यामुळे पैसा गावाबाहेर जात नाही. एका गटाने फेडलेली रक्कम दुसऱ्या गटाच्या कामी येते.

बँकेची पायरी याच्या पुढची. किमान सहा महिने वहीवर चालू असलेला गट कर्जाला पात्र ठरतो. हे सहा महिने बँकेत खाते उघडल्यापासून नव्हे, तर गटाचा कारभार सुरू झाल्यापासून मोजतात. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार पहिले कर्ज गटाच्या एकूण निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख रुपये, यांतले जे जास्त असेल ते. दुसरे आठपट किंवा किमान तीन लाख. तिसऱ्या वेळी गटाने केलेल्या सूक्ष्म पत आराखड्यावर किमान सहा लाख आणि पुढे त्याहून अधिक कर्ज मिळू शकते. दहा लाखांपर्यंत तारण मागायचे नाही, असा स्पष्ट नियम आहे. तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला सात टक्के व्याज लागते आणि वेळेवर फेडणाऱ्या गटाला त्यातही सूट मिळते.

या सगळ्यात गटाची वही हा सर्वांत मोलाचा दस्तऐवज ठरतो. इतिवृत्त, बचत, कर्ज आणि रोकड यांच्या नोंदी नसतील, तर फिरता निधीही नाही आणि बँकही नाही. म्हणून वही लिहू शकणारी सीआरपी, म्हणजे गावातलीच समुदाय संसाधन व्यक्ती, हा यंत्रणेचा कणा आहे. तिचे मानधन 2023 मध्ये दरमहा तीन हजारांवरून सहा हजार रुपये झाले.

पैसा कुठे ठेवावा

बुलढाणा जिल्ह्याने या बाबतीत एक महागडा धडा घेतला आहे. मे 2012 मध्ये रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना परवाना नाकारला. गावातली सेवा सोसायटी, शेतकऱ्याचे पीककर्ज आणि छोट्या संस्थांच्या ठेवी जिल्हा बँकेशी बांधलेल्या होत्या. पुढे नोव्हेंबर 2014 मध्ये केंद्र सरकारने देशातल्या परवाना नसलेल्या 23 जिल्हा बँकांसाठी पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. त्यांत महाराष्ट्रातल्या या तिन्ही बँका होत्या.

ग्रामीण बँकांचीही घडी या काळात बदलली. विदर्भ कोकण ग्रामीण बँक 2013 मध्ये तयार झाली आणि 1 मे 2025 पासून ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. दुसऱ्या बाजूला बुलढाणा अर्बन ही 1986 मध्ये सुरू झालेली पतसंस्था जिल्ह्याबाहेरही पसरली. पण पतसंस्थेतल्या ठेवींना बँक ठेवींसारखे पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षण नसते. जास्त व्याजाचा मोह धरण्याआधी गटाने एवढे पाहिलेच पाहिजे.

शेतकऱ्यांचे गट

सोयाबीन, कापूस, तूर आणि हरभरा पिकवणाऱ्या या भागात शेतकरी गटांसाठी तीन योजना महत्त्वाच्या ठरल्या. जागतिक बँकेच्या साहाय्याने 2018 मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकरा, ज्या जिल्ह्यांत राबवला गेला त्यांत बुलढाणा होता. त्यातून निवडलेल्या गावांतल्या गटांना आणि कंपन्यांना अवजार बँक, गोदाम, प्रक्रिया यांसाठी 60 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळाले. दुसरा ‘स्मार्ट’, म्हणजे बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प. त्याचा भर बाजाराशी जोडणीवर आहे. तिसरी केंद्राची 10 हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना. 29 फेब्रुवारी 2020 रोजी सुरू झालेल्या या योजनेत संस्थेला तीन वर्षांच्या व्यवस्थापन खर्चासाठी 18 लाखांपर्यंत आणि सभासदांच्या भागभांडवलाइतकेच, कमाल 15 लाखांपर्यंत, समभाग अनुदान मिळते. सपाट प्रदेशात मात्र किमान 300 सभासद लागतात.

अन्नप्रक्रियेसाठी 2020 ची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना आहे. पापड, मसाले, डाळ किंवा लोणची करणाऱ्या बचत गटाला प्रत्येक सभासदामागे 40 हजार रुपयांपर्यंत बीज भांडवल आणि प्रकल्पाला 35 टक्के अनुदान मिळते. हे अनुदान बँक कर्जाशी जोडलेले आहे. बँकेने कर्ज नाकारले, की अनुदानही थांबते. हीच अट बहुतेक योजनांत आहे, आणि म्हणूनच वही व परतफेड यांचा इतिहास पुन्हा कामी येतो.

प्रशिक्षण कोण देते

स्वयंरोजगाराचे निवासी आणि मोफत प्रशिक्षण देणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, बँकांच्या जबाबदारीवर जिल्ह्याजिल्ह्यांत चालतात. त्यांचा नमुना कर्नाटकातल्या उजिरे येथे 1982 मध्ये सुरू झालेली संस्था हा होता. प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे पाठपुरावा करायचा, हे या नमुन्याचे वैशिष्ट्य. शेतीसाठी जिल्ह्यात दोन कृषी विज्ञान केंद्रे आहेत, एक जळगाव जामोदला आणि दुसरे बुलढाण्याला. कृषी विभागाची ‘आत्मा’ यंत्रणा शेतीशाळा घेते. उमेदच्या कृषी सखी, पशू सखी आणि बँक सखी गावातच असतात.

पैशाविना केवळ प्रशिक्षणाच्या बळावर काय होते, याचे उदाहरण देऊळघाटच्या शेजारच्याच तालुक्यात घडले. पानी फाउंडेशनच्या 2018 च्या सत्यमेव जयते वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेत मोताळा तालुक्यातल्या सिंदखेड गावाने राज्यात दुसरा क्रमांक साताऱ्याच्या भांडवलीबरोबर विभागून मिळवला. गावातल्या काही जणांना आधी चार दिवसांचे प्रशिक्षण, मग 45 दिवसांचे श्रमदान असा तो क्रम होता. त्याच वर्षी भारतीय जैन संघटनेने ‘सुजलाम सुफलाम बुलढाणा’ उपक्रमात गाळ काढायला यंत्रे पुरवली, इंधनाचा खर्च शासनाने केला आणि गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने शेतात नेला. संस्था, शासन आणि गाव या तिघांनी आपापला वाटा उचलल्यामुळे कोणा एकावर सगळा भार पडला नाही.

गावाच्या आणि जिल्ह्याच्या तिजोरीतून

ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी थेट मिळतो, आणि आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करणे तिच्यावर बंधनकारक आहे. जिल्हा परिषदेलाही हेच लागू होते. शिलाई यंत्र, पिठाची गिरणी, संगणक प्रशिक्षण अशा योजना तिथूनच निघतात. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय लाभार्थ्यांची यादी होत नाही, म्हणून त्या सभेला गटांनी हजर असणे महत्त्वाचे आहे. अल्पसंख्याक कुटुंबांसाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या कर्जयोजना आहेत.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी 2013 च्या कंपनी कायद्याने आला. ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करावी लागते. तो घेणाऱ्या संस्थेला 1 एप्रिल 2021 पासून केंद्राकडे सीएसआर-1 नोंदणी करावी लागते. गावातल्या छोट्या मंडळाला हे एकट्याने जमत नाही. नोंदणीकृत संस्थेशी जोडून घेणे हाच व्यवहार्य मार्ग.

कुठे अडते

निधी आणि प्रशिक्षण दोन्ही उपलब्ध असूनही बहुतेक गट बचत आणि घरगुती कर्जापुढे जात नाहीत. योजनांचा भर यंत्र आणि इमारतीवर असतो, विक्रीवर कमी. प्रदर्शनात माल खपतो. नंतर वर्षभर गिऱ्हाईक मिळत नाही. प्रशिक्षणानंतर पहिल्या दोन वर्षांत हिशेब, वेष्टन, परवाना आणि भाव यांबाबत हात धरून चालवणारे कोणी नसते. गटाचा आधार एक-दोन बायांवर असतो आणि त्या थकल्या की वही बंद पडते.

म्हणून नव्या गटाने योजनांच्या यादीपासून सुरुवात करू नये. आधी सहा महिने बैठक, बचत आणि वही नीट चालवावी. दोनपेक्षा जास्त जणींना हिशेब लिहिता यावा. मग पंचायत समितीत जावे आणि बँकेत तीच वही दाखवावी. अनुदान शेवटी मागावे, गिऱ्हाईक आधी शोधावे. या क्रमाने गेलेल्या गटासाठी निधीच्या वाटा आज खुल्या आहेत.