टोल भरलात? आता खड्ड्याचा हिशेब मागा!

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद, बॅगा डिकीत आणि गाडी थेट मुंबई-नाशिक हायवेला. कसारा घाट चढून इगतपुरी मागे पडली की येतं घोटी. कुणी इथून भंडारदऱ्याला वळतं, कुणी कळसूबाईसाठी बारीचा रस्ता धरतं, तर कुणी सरळ नाशिकची वायनरी गाठतं. नाशिकला निघालेल्यांना लागतो तो घोटीचा टोल नाका. फास्टॅगमधून पैसे कटतात आणि पावसाळा असेल तर पुढे कुठेतरी चाक धाडकन खड्ड्यात! कारचं सस्पेन्शन गेलं तर आपण चार शिव्या घालून गप्प बसतो. पण बाइकवाला पडला तर? ‘नशीब त्याचं’ म्हणून विषय संपवायची आपल्याकडे पद्धत. मुंबई हायकोर्टाला मात्र ती मान्य नाही.

सहा लाखांचा निकाल

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाने आदेश दिला. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला सहा लाख रुपये. जखमीला दुखापतीच्या प्रमाणात ५० हजार ते अडीच लाख. पैसे द्यायचे ते रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या यंत्रणेने, आणि नंतर वसूल करायचे ते कामचुकार कंत्राटदार आणि अधिकाऱ्यांकडून. म्हणजे बिल शेवटी फाडायचं त्यांच्या नावावर, तुमच्या-आमच्या टॅक्सवर नाही.

हे प्रकरण आजचं नाही. २०१३ मध्ये न्या. गौतम पटेल यांनी मुंबईच्या रस्त्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि कोर्टाने त्याचीच जनहित याचिका करून घेतली. चांगला रस्ता हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टाने पुढे सांगितलं. आदेश निघत राहिले, खड्डेही पडत राहिले. म्हणून आता थेट खिशाला हात!

बाइकवाल्याचं काय?

घोटीत ही गोष्ट जरा जास्तच लागू पडते. इगतपुरी तालुका म्हणजे नाशिक जिल्ह्यातला धो धो पावसाचा पट्टा. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि कारवाल्यांना दुसरा पर्याय मिळाला. समृद्धीवर टू-व्हीलरला मात्र बंदी. म्हणजे खड्ड्याचा सगळ्यात जास्त धोका ज्याला, त्याच्या नशिबी जुनाच हायवे.

त्यातून बाइक एकटीच घसरली तर समोर दुसरी गाडी नसते. मग भरपाई मागायची कुणाकडे? घरच्यांना हाच प्रश्न पडतो. नव्या आदेशाने त्याला उत्तर दिलंय. शिवाय ही रक्कम घेतली म्हणून कायद्याचे बाकीचे मार्ग बंद होत नाहीत.

टोल माफ होणार का?

ऑगस्ट २०२५ मध्ये केरळ हायकोर्टाने त्रिशूरजवळच्या पालियेक्करा नाक्यावरची टोलवसुलीच थांबवली, कारण रस्त्याची दुरवस्था. महामार्ग प्राधिकरण सुप्रीम कोर्टात गेलं, पण तिथेही डाळ शिजली नाही. ऑक्टोबरमध्ये वसुली पुन्हा सुरू झाली खरी, पण तोवर दोन महिने गाड्या फुकट गेल्या. अर्थात तो निकाल त्या नाक्यापुरता. घोटीच्या बूथवर मोबाइलमध्ये केरळची बातमी दाखवून आडवा दांडा वर जाणार नाही! आपल्या हातात आहे तो मुंबई हायकोर्टाचा आदेश, आणि त्याचा फायदा मागणाऱ्यालाच मिळतो.

अपघात झालाच तर...

● आधी माणूस, मग फोटो. अॅम्ब्युलन्ससाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३.
● खड्ड्याचा फोटो काढा. जवळचा किलोमीटरचा दगड किंवा बोर्ड त्यात दिसू द्या. चार दिवसांनी खड्डा बुजला की पुरावाही बुजतो.
● पोलिसांच्या नोंदीत ‘खड्ड्यामुळे’ हा शब्द आला पाहिजे. नुसतं ‘गाडी घसरून’ लिहिलं तर पुढे अडचण. अपघाताची माहिती पोलिसांनी ४८ तासांत भरपाई समितीला कळवायची आहे.
● रस्ता कुणाचा ते पाहा. जुना हायवे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, समृद्धी रस्ते विकास महामंडळाचा. भरपाई ठरवणाऱ्या समितीत त्या यंत्रणेचा वरिष्ठ अधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. घोटीकरांसाठी हे प्राधिकरण नाशिकला.
● हॉस्पिटलची बिलं आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. दावा केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर ९ टक्के व्याज, आणि वरिष्ठ अधिकारी स्वतः जबाबदार.
● अपघात झाला नसला तरी खड्डा दिसला की तक्रार करा. तो ४८ तासांत बुजवायचा, असा कोर्टाचा आदेश आहे. पुढचा बाइकवाला तुम्हाला ओळखत नसेल, पण वाचेल.