निकट-अवरक्त प्रकाश आणि कर्करोगाचा शोध

सन १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पाडलेल्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात, तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तेथे, तापमापक ठेवला आणि त्याचा पारा चढलेला पाहिला. तेव्हापासून अवरक्त म्हणजे उष्णता हे समीकरण लोकमानसात इतके रुजले आहे की, निकट-अवरक्त प्रकाशाने कर्करोग पाहतात असे म्हणताच गाठीची ऊब टिपणारी यंत्रेच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. ती यंत्रे थर्मोग्राफीची. आणि थर्मोग्राफीला मॅमोग्राफीचा पर्याय मानू नये, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेला आहे.

येथे विचार आहे तो शिरेवाटे टोचल्या जाणाऱ्या द्रव्यांचा, जी विशिष्ट लहरी शोषून किंचित लांब लहरी परत देतात आणि ज्यांचे तेज खास कॅमेऱ्यालाच दिसते. आखूड लहरी रक्तातील हिमोग्लोबिन गिळते, फार लांब लहरी पाणी शोषते; ७०० ते ९०० नॅनोमीटरांमधल्या चिंचोळ्या वाटेनेच प्रकाशाला ऊतींत थोडाफार शिरकाव मिळतो. क्ष-किरणांप्रमाणे रेणूंचे आयनीकरण करण्याची शक्ती या प्रकाशात नाही, सबब किरणोत्साराची धास्ती निराधार आहे. द्रव्याच्या ॲलर्जीची चौकशी मात्र अगत्याची.

हे द्रव्य कर्करोग ओळखते, ही समजूत अर्धीच खरी. १९५९ साली अमेरिकेत मंजूर झालेले इंडोसायनीन ग्रीन रक्तातील प्रथिनांना चिकटते आणि यकृतावाटे पित्तात उतरते. कर्कपेशीशी त्याची विशेष ओळख नाही. २०२१ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजूर झालेले पॅफोलासायनीन मात्र त्या पेशींवर विपुल असलेल्या फोलेट-ग्राहकांना जाऊन बिलगते. तरीही निरोगी ऊती कधी उजळतात आणि रोगट ऊती कधी अंधारातच राहतात.

सर्वांत घातक गैरसमज असा की, एक सुई टोचून सर्व देहातील कर्करोग आरंभीच सापडेल. मला याची खरी काळजी वाटते, कारण या आशेवर विसंबून हाताला लागलेली गाठ दाखवण्यात महिने दवडले, तर ते महिने परत मिळत नाहीत. त्वचेवरून या प्रकाशाचे स्पष्ट चित्र सेंटिमीटरभर खोलीपर्यंतच कसेबसे मिळते. म्हणून पॅफोलासायनीनला मिळालेली मंजुरी शस्त्रक्रियेपुरती आहे, निरोगी माणसाच्या तपासणीसाठी नाही. शरीर उघडल्यावर, बोटांना न जाणवणारा आणि डोळ्यांना न दिसणारा उरलेला अंश शल्यविशारदाला पडद्यावर दिसावा, हे तिचे प्रयोजन. आणि तेथे उजळलेला तुकडादेखील कापून विकृतिशास्त्रज्ञाच्या सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच त्याचा निकाल लागतो.