कॅमेऱ्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही

ईदची नमाज अदा करून पुरुष मंडळी घरी परतली की अंगणात एक फोटो हमखास निघतो. अब्बा, चाचा आणि मुले पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात, अम्मी आणि खाला काळ्या बुरख्यात, मध्ये खुर्चीवर दादी. फोटो पाहिल्यावर कळते की कुर्त्यांच्या जागी नुसते पांढरे डाग आले आहेत. पुन्हा काढावा तर कुर्ते ठीक येतात, पण दादीचा चेहरा काळवंडतो. मग दोष मोबाइलला दिला जातो आणि नवा, महागडा मोबाइल घेण्याची चर्चा सुरू होते.

खरे तर दोष यंत्राच्या किमतीत नसतो. कॅमेऱ्याला कुर्ता कळत नाही, बुरखा कळत नाही, दादीही कळत नाही. त्याला कळतो तो फक्त उजेड. समोरचे दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारे आहे, असे गृहीत धरून त्याचा मीटर हिशेब करतो. चौकटीत पांढरे जास्त असेल तर तो उजेड कमी करतो आणि पांढरे मळकट दिसते. काळे जास्त असेल तर उजेड वाढवतो आणि काळा बुरखा करडा होतो. नव्या मोबाइलमधील प्रणाली चेहरे ओळखून थोडी दुरुस्ती करते, पण या फोटोत सर्वांत महत्त्वाचे कोण, हे तिला सांगावेच लागते. ते सांगण्याचे काम कॅमेरा धरणाऱ्याचे. हौशी छायाचित्रकार एकत्र बसून जे शिकतात, त्याचे सार एवढेच आहे.

अंधाऱ्या खोलीतून सुरुवात

'कॅमेरा' हा शब्द अरबीतून आला, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. ते बरोबर नाही. कॅमेरा हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ खोली. उर्दूतला 'कमरा' पोर्तुगीजांमार्फत त्याच कुळातून आला. शब्द आपला नसला तरी त्यामागच्या विद्येत मात्र आपल्या पूर्वसूरींचा मोठा वाटा आहे. सुमारे ९६५ साली बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे काहिरात राहिलेल्या इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर' हा ग्रंथ लिहिला. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, हा जुना समज त्यांनी खोडून काढला. वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून दिसते, हे त्यांनी प्रयोगांच्या आधारे मांडले. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रातून येणाऱ्या दिव्यांच्या प्रकाशावर त्यांनी प्रयोग केले. सूर्यग्रहणाच्या वेळी लहान छिद्रातून पडणारी कोरीची आकृती छिद्र मोठे केल्यावर का पुसली जाते, यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि १५७२ साली बाझल येथे छापला गेला.

तीन नळ, एक बादली

फोटोसाठी लागणारा उजेड म्हणजे बादलीभर पाणी समजा. ती भरण्याचे तीन उपाय आहेत. पहिला अॅपर्चर, म्हणजे भिंगातील छिद्र. त्याचे आकडे एफ/२.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात. आकडा मोठा तितके छिद्र लहान, आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. छिद्र मोठे ठेवले तर एकच चेहरा ठळक येतो आणि मागचे धूसर होते. तीन रांगांचा कौटुंबिक फोटो असेल तर एफ/८ बरा, म्हणजे मागच्या रांगेतले चाचाही स्पष्ट येतात.

दुसरा उपाय शटरचा वेग. खेळणाऱ्या मुलासाठी एका सेकंदाचा २५०वा भाग किंवा त्याहून कमी वेळ हवा. तिसरा आयएसओ. तो वाढवला की कमी उजेडातही फोटो निघतो, पण दाणे दिसू लागतात. हिशेब पक्का व्हावा म्हणून एक जुना नियम पाठ ठेवावा: कडक उन्हात एफ/१६ आणि शटर आयएसओइतके. आयएसओ १०० असेल तर शटर १/१०० किंवा त्याच्या जवळचे १/१२५. सावलीत गेलात की छिद्र दोन-तीन पायऱ्या मोठे करावे.

आता ईदच्या फोटोकडे येऊ. सगळ्यांना भर उन्हातून हलवून भिंतीच्या किंवा झाडाच्या मोकळ्या सावलीत उभे करा. उन्हात टोपीची आणि कपाळाची सावली डोळ्यांवर पडते, सावलीत उजेड सगळीकडे सारखा असतो. मग मोबाइलच्या पडद्यावर दादीच्या चेहऱ्यावर बोट ठेवा आणि शेजारी सूर्याची खूण दिसते ती किंचित खाली ओढा, कुर्त्याची वीण दिसेपर्यंत. फोटोतला काळोख नंतर थोडा उजळता येतो, पण पांढऱ्यात हरवलेला तपशील परत येत नाही. फक्त इहराममधल्या हाजींचा फोटो असेल तर उलट करावे, खूण थोडी वर ओढावी, म्हणजे पांढरे पांढरेच राहील.

भिंग आणि अंतर

मोबाइलचे मुख्य भिंग रुंद दृश्याचे असते. ते घेऊन चेहऱ्याच्या अगदी जवळ गेले की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. अम्मींना आपला फोटो आवडत नाही, याचे कारण अनेकदा हेच असते. दोन पावले मागे सरका आणि दुप्पट झूम वापरा, चेहरा पुन्हा ओळखीचा होईल. कॅमेरा घेतलेल्यांनी पहिले जादा भिंग म्हणून ५० मिलिमीटर एफ/१.८चा विचार करावा. ते बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त भिंगांपैकी असते आणि खिडकीच्या उजेडात फ्लॅशशिवाय फोटो देते.

ईदच्या चंद्राचा फोटो ठिपक्यासारखा का येतो, याचेही गणित सोपे आहे. भिंगाच्या मिलिमीटरला ११० ने भागले की सेन्सरवर पडणाऱ्या चंद्रबिंबाचा आकार मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाने तो अर्धा मिलिमीटरही होत नाही, ४०० च्या भिंगाने साडेतीन मिलिमीटरच्या वर जातो. त्यासाठी तिपाई हवी आणि बटण दाबताना हात लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर.

इजाजतीचा प्रश्न

फोटोच्या जायज-नाजायजबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. काहींनी फक्त गरजेपुरती सवलत दिली, तर काहींनी आरशातल्या प्रतिबिंबासारखे मानून परवानगी दिली. ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. पण परवानगीच्या बाजूचे असोत की विरोधातले, दुसऱ्याच्या हयेचा मान राखण्यावर सर्वांचे एकमत आहे. सूरह नूर, म्हणजे प्रकाशाची सूरह. परक्या घरात इजाजत घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नये, हा हुकूम याच सूरहच्या २७व्या आयतीत आहे. आज भिंग दरवाजा न वाजवता घरात शिरते. मेहंदीच्या रात्री जनाना भागात सहज काढलेला फोटो सकाळपर्यंत कितीतरी अनोळखी मोबाइलांवर पोहोचलेला असतो. मुलीने विश्वासाने फोटो काढू दिला, तो अमानत म्हणून. तो पुढे पाठवण्याची इजाजत तिने दिलेली नसते. ती वेगळी घ्यावी लागते, आणि 'नको' म्हटले तर रुसून न बसता फोटो पुसून टाकावा.

फोटो शिकण्यासाठी एकमेकांना दाखवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये छिद्र, शटर आणि आयएसओचे आकडे नोंदलेले असतात. शिकणाऱ्यासाठी ते उपयोगी असतात. पण मोबाइलमध्ये लोकेशन चालू असेल तर त्याच फाइलमध्ये फोटो कुठे काढला त्याचा ठावठिकाणाही असतो, आणि मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर तो बरोबर जातो. घरातले, मुलांचे फोटो काढताना कॅमेऱ्याच्या सेटिंगमधले लोकेशन बंद करावे.

दाखवणाऱ्याला नुसते 'माशाअल्लाह, छान' म्हणून थांबू नये. उजेड कुठून येत होता, कोणते आकडे ठेवले, पुन्हा काढला तर काय बदलाल, हे विचारावे. आणि फोटो पुढे दाखवताना काढणाऱ्याचे नाव सांगावे. १८६१ साली मदिनेचे पहिले फोटो काढणारे मुहम्मद सादिक बे हे इजिप्तच्या सैन्यातले अधिकारी होते. त्यांचे नाव इतिहासात राहिले. १८८५ साली मक्केतले एक डॉक्टर, सय्यद अब्दुल गफ्फार, डच अभ्यासक स्नूक हुर्खोन्ये यांच्याकडून फोटो काढायला शिकले. हुर्खोन्ये यांना मक्का सोडावी लागल्यावर हे डॉक्टर त्यांना फोटो पाठवत राहिले. ते फोटो १८८९ साली हुर्खोन्ये यांच्या पुस्तकात छापले गेले, पण ते कोणी काढले हे जगाला नीट कळायला पुढे कितीतरी दशके लागली.

घरातल्या मुलींच्या हाती कॅमेरा देण्याचा विचार पालकांनी जरूर करावा. निकाह आणि मेहंदीला जनाना भागात परका पुरुष छायाचित्रकार नको, असे अनेक कुटुंबांना वाटते. मग तिथे आपलीच एखादी शिकलेली मुलगी का नसावी? तिला कुणाचा चेहरा टिपायचा नाही हे सांगावे लागणार नाही. हवे तर हाच तिचा सन्मानाचा रोजगारही होईल. सुरुवातीला नवा कॅमेरा नको, घरात आहे तो मोबाइल चालेल. पूर्वेच्या खिडकीशी सकाळी नानीला बसवा, तिची इजाजत घ्या आणि उजेड कमी-जास्त करत दहा फोटो काढा. मग दहाही फोटो नानीला दाखवा. ठेवायचे कोणते आणि पुसायचे कोणते, ते तिला ठरवू द्या.