पत्ती जपा, चहा जमेल!

रूमवरचा चहा बेचव लागतोय? दुधाला दोष देण्याआधी पत्तीचा डबा उघडून वास घ्या. गॅसजवळ, मसाल्याच्या शेजारी ठेवलाय? मग झालंच! पत्ती ओलावा आणि आजूबाजूचे वास पटकन ओढून घेते. यवतमाळच्या मे महिन्यातली उष्णता तिचा सुगंध उडवते, पावसाळ्यातली दमट हवा तिला मऊ पाडते. म्हणून घट्ट झाकणाचा, कोरडा स्टीलचा डबा घ्या. खिडकीत काचेची बरणी नको, उजेडानंही चव उतरते. चमचा कोरडाच हवा. फ्रिज तर नकोच. बाहेर काढल्यावर पत्ती ओल धरते. स्वस्त पडतं म्हणून किलोभर आणू नका, महिनाभर पुरेल एवढीच घ्या. घरून आलेल्या पैशांचा चहा आहे दोस्तांनो, शेवटच्या कपापर्यंत कडक लागला पाहिजे!