बेदाण्याच्या किलोमागे मजुरी किती?

द्राक्षहंगाम उतरणीला लागला की तासगाव परिसरातील बेदाणा शेडवर कामाची एकच घाई उडते. द्रावणात बुडवून काढलेले घड जाळ्यांवर पसरणे, वाळलेला माल उतरविणे, काड्या वेगळ्या करणे, रंग व आकारानुसार निवड करणे, पेट्या भरणे या कामांचा मोठा भाग आजही माणसांच्या हातांनीच होतो. सौद्यात कोणता भाव मिळेल, हे उत्पादकाच्या हाती नसते. आपल्या मालाच्या एका किलोमागे मजुरी किती पडली, हे जाणून घेणे मात्र त्याच्याच हाती असते. तरीही ‘यंदा रोज किती चालू आहे’ हा प्रश्न जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा ‘किलोला मजुरी किती पडली’ हा विचारला जात नाही. परिव्यय लेखांकनाच्या दृष्टीने हे दोन प्रश्न अगदी भिन्न आहेत.

रोज वाढला, खर्च घटला

केवळ हिशेबासाठी असे समजू की, निवडीच्या कामावर १० महिला आहेत, प्रत्येकीचा रोज ४०० रुपये आहे आणि दिवसभरात ५०० किलो बेदाणा निवडला जातो. एकूण मजुरी ४ हजार रुपये, म्हणजे किलोमागे ८ रुपये. आता मालकाने सावली, पुरेसा उजेड व बसण्याची नीट सोय केली, माल वेळेवर हाताशी येईल अशी व्यवस्था लावली आणि रोज ४५० रुपये केला. त्यामुळे ६०० किलो माल निघू लागला, तर मजुरी साडेचार हजार रुपये झाली. पण किलोमागील खर्च साडेसात रुपयांवर आला. मजुराचे उत्पन्न वाढले आणि मालकाचा खर्च घटला. रोज कमी म्हणजे खर्च कमी, हा समज किती फसवा आहे, हे यावरून ध्यानात येते.

रोजंदारी की उक्ते?

मजुरी मोजण्याच्या मुख्य पद्धती दोन. रोजंदारीत वेळेचा दाम दिला जातो, तर उक्त्या कामात झालेल्या कामाचा. द्राक्षबागेत छाटणी, विरळणी यांसारखी कामे एकराच्या हिशेबाने उक्ती दिली जातात. उक्त्यात किलोमागील खर्च आधीच ठरतो, हा त्याचा लाभ. मात्र घाईत कामाचा दर्जा घसरण्याचा धोका असतो. शिवाय जोखीम मजुराच्या माथी जाते. वरील उदाहरणात किलोला ८ रुपये दर ठरला आणि माल काड्यांनी भरलेला निघाल्याने एखादीच्या हातून दिवसात ३५ किलोच काम झाले, तर तिच्या पदरी २८० रुपयेच पडतील. यात तिचा दोष काहीच नसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार उक्ते काम करणाऱ्यालाही किमान वेतनाचे संरक्षण आहे.

विसापूरचा धडा

योग्य दर बांधण्याचा हा प्रश्न तासगाव तालुक्याला नवा नाही. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये याच तालुक्यातील विसापूर परिसरात रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ पासून ती योजना राज्यभर राबविली गेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या कामांवर मजुरी मापानुसार दिली जाई. परंतु भुसभुशीत माती, कठीण मुरूम आणि खडक यांना एकच दर लावला, तर खडक फोडणारा उपाशी राहील, हे उघड होते. म्हणून जमिनीच्या प्रकारानुसार दर वेगवेगळे ठेवले गेले. सामान्य ताकदीच्या माणसाने दिवसभर मन लावून काम केल्यास त्याला किमान वेतनाइतकी मजुरी मिळावी, हे त्यामागील तत्त्व होते. बेदाण्याच्या शेडवरही हेच तत्त्व लागू पडते. आधी कामाचे माप, मग मालाचा प्रकार आणि त्यानंतरच दर, असा क्रम असावा.

पगारपत्रकात न दिसणारा खर्च

मासिक पगारावरील कामगारांचा हिशेब आणखी फसवा असतो. शीतगृहातील एखाद्या कामगाराचा पगार १५ हजार रुपये धरू. २६ दिवस व रोजचे ८ तास म्हटल्यास ताशी ७२ रुपये होतात. पण कायदे लागू असलेल्या आस्थापनेत मालकाला १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी (१,८०० रुपये) आणि ३.२५ टक्के राज्य विमा वर्गणी (सुमारे ४८८) भरावी लागते. संपूर्ण पगारावर ८.३३ टक्के बोनस धरला तर सुमारे १,२५० रुपये आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२१ रुपये होते. बेरीज १९ हजार २५८ रुपयांच्या घरात जाते. सुट्या, रजा व रिकामा वेळ वजा जाता प्रत्यक्ष कामाचे तास २०८ नव्हे, तर १८० उरले, असे समजल्यास खरा दर ताशी १०७ रुपये पडतो. ७२ रुपये धरून साठवणुकीचा दर ठरविणारा मालक तोट्यात जातो आणि त्याचे कारणही त्याला उमगत नाही.

अवकाळी पावसाचा दिवस

रिकाम्या वेळेचेही दोन प्रकार आहेत. एका शेडवरून दुसरीकडे जाणे, अवजारे काढणे यांत जाणारा वेळ अटळ असतो. तो मालाच्या खर्चात धरावा. अवकाळी पावसाने काम बंद पडले किंवा यंत्र बिघडले आणि तरीही मजुरी द्यावी लागली, तर ती नफा-तोटा खात्यात दाखवावी. ती मालाच्या किमतीत मिसळली, तर पुढील वर्षाचा अंदाज चुकतो. जादा कामाच्या तासांसाठी कायद्याने किमान दुप्पट दर द्यावा लागतो. तो एखाद्या ग्राहकाच्या घाईमुळे द्यावा लागला असेल, तर त्याच मागणीच्या खर्चात धरणे न्याय्य ठरते.

घरच्या हातांची किंमत

सर्वांत मोठी गफलत घरातच होते. नवरा-बायको, मुले आणि वृद्ध आई-वडील पहाटेपासून राबतात. त्यांची मजुरी वहीत शून्य असते. केंद्रीय कृषिमूल्य आयोग पिकांचा उत्पादनखर्च काढताना रोख खर्चात कुटुंबाच्या श्रमाचे मोल मिळवून वेगळा आकडा देतो, तो याच कारणासाठी. हे मोल न धरता दिसणारा नफा अनेकदा नफा नसतोच. ती घरच्यांची न दिलेली मजुरी असते.

या साऱ्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. कोण कामावर आले, किती तास राबले आणि किती माल निघाला, एवढ्या तीन नोंदी रोजच्या रोज, घरच्या माणसांसह, हजेरीवहीत व्हाव्यात. हंगामाअखेरीस त्यांची बेरीज हाती असलेला उत्पादक सौद्यात उभा राहतो, तेव्हा कोणत्या भावाखाली माल द्यायचा नाही आणि तो शीतगृहात थांबवायचा, हे त्याला नेमके ठाऊक असते.